गर्भारपणाचे पहिले बारा आठवडे

मराठी भाषेत गर्भारपणाची वार्ता सांगण्याची रीत मोठी संयत आहे. ‘तिला दिवस गेले आहेत,’ एवढेच म्हणतात आणि ऐकणारा काय ते समजतो. मग घरातील वडीलधारी मंडळी महिने मोजू लागतात. काही घरांत तिसऱ्या महिन्यात गुपचूप चोरचोळी होते, सातव्यात डोहाळजेवण, आणि ‘नऊ महिने नऊ दिवस’ भरले की पाळण्याची तयारी. वैद्यकशास्त्र मात्र आठवड्यांनी मोजते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस, असा त्याचा हिशेब आहे. त्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावे म्हणजे प्रसूतीची अंदाजी तारीख निघते, हा जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आजही चालतो. आजीबाईंच्या आणि नेगेले यांच्या हिशेबात दोनच दिवसांचे अंतर असावे, ही गोष्ट कौतुकाची खरी.

पण या दोन मोजण्यांत एक भेद आहे, आणि तो लहानसहान नाही. घरातली मोजणी तिसऱ्या महिन्यानंतर उघड होते. गर्भाची अत्यंत नाजूक घडण त्यापूर्वीच होऊन गेलेली असते. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतात, ती नळी गर्भधारणेपासून साधारण २८ व्या दिवशी मिटते. पाळी चुकल्याचे ध्यानी येऊन जेमतेम दोन आठवडे झाले असतील, तोच हे काम आटोपलेले असते. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदयाचे स्पंदन दिसू लागते. दहाव्या आठवड्याच्या अखेरीस बहुतेक सर्व मुख्य अवयवांची मांडणी झालेली असते. पुढचा काळ मुख्यतः वाढीचा आणि परिपक्वतेचा. तात्पर्य, ज्या काळात घर मौन पाळते, तोच काळ सर्वांत अधिक काळजीचा आहे.

पुण्यामुंबईकडील एखादे दांपत्य उदाहरणादाखल घ्यावे. लग्नाला दोन वर्षे झाली आहेत, दोघेही नोकरी करतात. सकाळी घरच्या घरी केलेल्या चाचणीत दोन रेघा उमटल्या. एके काळी, १९२८ च्या सुमारास, हीच गोष्ट ठरविण्यासाठी बर्लिन येथील आशहाइम आणि झोंडेक हे दोघे संशोधक स्त्रीची लघवी उंदरीला टोचून तिच्या अंडकोशांची तपासणी करीत. आज काही मिनिटांत उत्तर मिळते. सासूबाई आनंदतात, पण लगेच बजावतात, “आत्ताच गाजावाजा नको. पाचव्या महिन्यात दवाखान्यात नाव घालू.” त्यावर मुलगा म्हणतो, “आई, नाव सावकाश घालू. पण डॉक्टरीणबाईंना एकदा दाखवून तर येऊ.” या एका वाक्याने त्याने पितृत्वाचे पहिले कर्तव्य केले, असे म्हणावयास हरकत नाही.

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य नाही असे नव्हे. कळून आलेल्या गर्भधारणांपैकी शेकडा १० ते २० टिकत नाहीत, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात. सांगितलेली गोड बातमी परत घ्यावी लागण्याचे दुःख ज्यांनी पाहिले, त्यांनीच हा मौनाचा संकेत घालून दिला असावा. परंतु शेजारपाजारच्यांना न सांगणे वेगळे आणि डॉक्टरांना न सांगणे वेगळे. शिवाय दुर्दैवाने गर्भ गेलाच, तर त्या मौनाचा सर्व भार एकट्या स्त्रीवर पडतो. ती मनात उजळणी करीत राहते: जड बादली उचलली काय, पपई खाल्ली काय, जिने फार चढले काय? वस्तुस्थिती अशी आहे की आरंभीच्या काळात जाणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच मूळचा दोष असतो. त्यावर तिचा किंवा कोणाचाही इलाज चालत नाही. हे तिला सांगणारे कोणी तरी घरात असावे, आणि ते पतीने सांगावे, याहून योग्य काय?

पहिल्या भेटीत होणाऱ्या तपासण्या दिसावयास साध्या असतात. वजन, रक्तदाब, लघवी, रक्तातील हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तगट, गरमी, एचआयव्ही व कावीळ-ब यांच्या चाचण्या, बहुधा थायरॉइडचीही. यांतील प्रत्येकीमागे एक टाळता येण्याजोगे संकट उभे आहे. आरंभीचा रक्तदाब नोंदलेला असला तरच पुढे तो चढला की नाही हे कळते. गरमीचा रोग वेळीच सापडला तर पेनिसिलिनने आईवरही उपचार होतो आणि बाळही वाचते. एचआयव्ही असला तरी आरंभापासून औषधे घेतल्यास तो बाळास होण्याचा धोका फार कमी करता येतो. या चाचण्यांच्या नावांनी सुशिक्षित घरातही भुवया चढतात. परंतु त्या सर्वांच्याच करावयाच्या असतात, कोणावर संशय म्हणून नव्हे.

आपल्या उदाहरणातील पती बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसला होता, कारण ‘हे बायकांचे काम’ अशी समजूत. डॉक्टरीणबाईंनी त्यालाही आत बोलाविले. पत्नीचे हिमोग्लोबिन थोडे कमी होते आणि तिच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा लहान होत्या. लोहाच्या कमतरतेनेही असे होते. पण पुढची चाचणी केली तेव्हा ती थॅलेसीमियाची वाहक निघाली. वाहक माणूस रोगी नसतो. आयुष्यभर त्याला पत्ताही लागत नाही. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला चारांत एक या प्रमाणात तीव्र थॅलेसीमिया होण्याचा संभव असतो. असे मूल जन्मतः धडधाकट दिसते. काही महिन्यांनी ते फिके पडू लागते आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी त्यास रक्त द्यावे लागते, ते जन्मभर. म्हणून पतीचे रक्त तपासावे, असे डॉक्टरीणबाईंनी सुचविले. “मला काय धाड भरली आहे?” असे त्याच्या ओठांवर आले होते, पण कारण समजल्यावर त्याने निमूटपणे हात पुढे केला. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत हा दोष अधिक आढळतो, तथापि तो तेवढ्यापुरता नाही. विदर्भात आणि अनेक आदिवासी भागांत याच जातीचा सिकलसेलचा दोष आढळतो, आणि तेथेही न्याय हाच.

पतीही वाहक निघाला. त्या रात्री घरात जेवणे झाली नाहीत. परंतु तेव्हा अवघा दहावा आठवडा चालू होता, आणि हीच त्यांची मोठी शिल्लक होती. अकराव्या आठवड्यानंतर वारेचा सूक्ष्म अंश काढून गर्भाची परीक्षा करता येते. तीत गर्भपाताचा किंचित धोका असतो. तो समजावून घेऊन दोघांनी मिळून निर्णय घेतला. अहवाल आला: बाळ आईबापांप्रमाणे केवळ वाहक. अहवाल उलट आला असता तर? तर दोघांपुढे कठीण प्रश्न उभा राहिला असता, आणि त्याचे उत्तर डॉक्टरांनी किंवा सासूबाईंनी नव्हे, त्या दोघांनी, आणि अखेरीस त्या स्त्रीने, द्यावयाचे होते. १९७१ चा गर्भपातविषयक कायदा व त्यातील २०२१ ची दुरुस्ती यांनी अशा निर्णयास मुदती घातल्या आहेत. पाचव्या महिन्यात नाव घातले असते तर विचार करावयास उसंतच उरली नसती.

रक्तगटाचे प्रकरणही दोघांचे आहे. पत्नीचा गट आरएच-निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळाच्या पेशींविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिद्रव्ये निर्माण होण्याचा धोका असतो; त्याची झळ बहुधा पुढच्या बाळास लागते. १९४० साली लँडस्टायनर व वीनर यांनी आरएच घटकाचा शोध जाहीर केला, आणि १९६८ पासून यावर अँटी-डी नावाचे इंजेक्शन मिळू लागले. ते साधारण २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत देतात. गर्भ गेल्यासही ते घ्यावे लागते, ही गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊक नसते.

पहिल्या भेटीत डॉक्टर जी लहानशी गोळी लिहून देतात, तिचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. येथील कापडगिरण्यांतील गर्भवती कामगार स्त्रियांना एक विचित्र रक्तक्षय होत असे. तांबड्या पेशी कमी, पण आकाराने मोठ्या. विल्सबाईंनी त्या स्त्रियांचा आहार पाहिला आणि निकृष्ट अन्नावर ठेवलेल्या माकडांवर प्रयोग केले. तेव्हा किण्वापासून केलेल्या ‘मार्माइट’ या स्वस्त पदार्थाने तो रक्तक्षय हटतो असे त्यांना आढळले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले. पानातून निघाले म्हणून लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फॉलिक आम्ल पडले. पुढे १९९१ साली ब्रिटिश संशोधकांच्या मोठ्या चाचणीने दाखविले की ज्या स्त्रियांना पूर्वी मज्जानलिकेचा दोष असलेले मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून हे आम्ल घेतल्यास तोच दोष पुन्हा होण्याचे प्रमाण शेकडा ७२ ने घटते. आधीपासून, हा शब्द येथे महत्त्वाचा. कारण ती नळी २८ व्या दिवशी मिटलेली असते. म्हणून अपत्याचा विचार मनात येताच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी आणि बारावा आठवडा संपेपर्यंत चालू ठेवावी, असा नियम आहे. पूर्वी असे मूल झाले असल्यास मात्रा अधिक लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी.

उलट्या आणि मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होऊन तिसरा महिना सरताना ओसरतात. थोडे थोडे पण वारंवार खाणे, उठण्यापूर्वी कोरड्या लाह्या वा भाजलेले चणे तोंडात टाकणे, फोडणीच्या वासापासून दूर राहणे, हे घरगुती उपाय बऱ्याच जणींना मानवतात. पाणीही न टिकणे, लघवी कमी होणे किंवा वजन उतरणे, ही मात्र ‘सगळ्यांनाच होते’ म्हणून सोडून देण्याची लक्षणे नव्हेत. रक्तस्राव किंवा पोटात एका बाजूस तीव्र कळ आल्यास तर घटकाभरही थांबू नये. गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला असेल तर आईच्या जिवावर बेतते. या काळात स्वयंपाकघराचा ताबा पतीने घेतल्यास त्याच्या प्रतिष्ठेस बाध येण्याचे कारण नाही.

११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी हा या काळातील आनंदाचा प्रसंग असतो. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली या तंत्राचा प्रसूतिशास्त्रातील उपयोग दाखवून दिला. पुढे याच पडद्याचा उपयोग मुलगी नको म्हणणाऱ्यांनी केला, हे लाजिरवाणे सत्य आहे. महाराष्ट्राने १९८८ साली त्याविरुद्ध कायदा केला आणि १९९४ साली तो सर्व देशासाठी झाला. तेव्हा ‘काय आहे?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारूच नये. बाळाचे हृदय चालते आहे, एवढे उत्तर पुरेसे असावे.

गर्भवतीस दुखणे नसतानाही तपासावे, हा विचार तसा जुना नाही. एडिंबरोच्या बॅलन्टाइन यांनी १९०१ साली तो आग्रहाने मांडला. १९२९ साली ब्रिटनमध्ये जे वेळापत्रक ठरले, त्यात पहिली तपासणी १६ व्या आठवड्यात होती. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने किमान आठ भेटी सांगितल्या आणि पहिली १२ आठवड्यांच्या आत आणली. त्याच वर्षी भारत सरकारनेही दर महिन्याच्या ९ तारखेस चौथ्या महिन्यापासूनच्या गर्भवतींची सरकारी केंद्रांत विनामूल्य तपासणी करण्याची योजना सुरू केली. ज्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाईस दिवस गेले असतील, तेथील गृहिणीने तिला ही तारीख सांगावी आणि त्या दिवशीची सुटी पगारासकट द्यावी.

सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातील गर्भिणीला दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आहे; आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच विचाराशी नाते सांगतो. आज ते दुसरे हृदय दुसऱ्या महिन्यातच डोळ्यांना दिसते. तेव्हा डोहाळजेवण सातव्या महिन्यात थाटाने करावे, पेढे पाहिजे तर चौथ्यात वाटावे. पण डॉक्टरांकडे मात्र पाळी चुकताच जावे, आणि दोघांनी मिळून जावे.