हायस्कूलच्या वयातील मनावरचे ओझे

(रत्नागिरी येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



कार्यकर्त्यांनी आम्हाला विषय दिला आहे तो हायस्कूलमधील मुलामुलींच्या ताणतणावाचा. विषय ऐकून आपल्यातील काही वडीलधारी मंडळी मनात म्हणाली असतील, "आता कसला आलाय ताण? आम्ही अनवाणी शाळेत गेलो, चिमणीच्या उजेडात अभ्यास केला. आजच्या पोरांना सगळे हातात मिळते." हे म्हणणे खोटे नाही. परंतु पोटाची भूक डोळ्यांना दिसते, मनावरचे ओझे दिसत नाही. ते दिसत नाही म्हणून ते नाहीच असे समजणे धोक्याचे आहे. देशातील गुन्ह्यांची व अपघाती मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, आणि त्यात सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. म्हणून हा विषय थट्टेवारी नेण्याचा नाही.

शंभरातील एक

२०१२ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा दहावी-बारावीचा निकाल कोकण विभाग म्हणून स्वतंत्र लागतो, आणि हा विभाग सातत्याने राज्यात पहिला येत आला आहे. २०२४ च्या दहावीत कोकणाचा निकाल ९९.०१ टक्के होता, राज्याचा ९५.८१. २०२५ मध्ये कोकणाचा ९८.८२, राज्याचा ९४.१०. आपल्या शिक्षकांना आणि मुलांना याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण या आकड्याची दुसरी बाजूही पाहावी. जिथे शंभरातील नव्याण्णव उत्तीर्ण होतात, तिथे नापास होणारा एकटा पडतो. पूर्वी वाडीतील पाच मुले नापास झाली तर ती पाच जण एकत्र बसून रडत आणि एकत्र बसून पुन्हा अभ्यास करीत. आज नापास झालेल्या मुलाला रडायलाही सोबती नाही.

आणि उत्तीर्ण झालेले तरी सुखी आहेत का? उत्तीर्ण होणे सर्वांचेच झाल्यामुळे आता विचारले जाते ते एवढेच, "किती टक्के?" निकाल लागला की दुपारपासून मुंबईहून काका-मामांचे फोन सुरू होतात. शेजारच्या घरातील मुलाचे टक्के आधी सांगितले जातात, मग आपले विचारले जातात. पंच्याहत्तर टक्के मिळविलेला मुलगा जणू गुन्हा केल्यासारखा खाली मान घालून उत्तर देतो.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये देशभरातील सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून एक पाहणी केली. त्यात ८१ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्या चिंतेची कारणे अभ्यास, परीक्षा आणि निकाल हीच सांगितली. शाळेविषयीचे समाधान माध्यमिक वर्गांत गेल्यावर कमी होते, असेही त्या पाहणीत दिसले.

ओझे कोठून येते?

पहिले कारण घरापासूनच्या अंतराचे. सातवीपर्यंत वाडीजवळची जिल्हा परिषदेची शाळा असते. आठवीला हायस्कूल दुसऱ्या गावात. सकाळची एसटी चुकली तर दिवस गेला. पावसाळ्यात पऱ्याला पाणी आले की साकवापाशी थांबून राहायचे. जून-जुलैत लावणी आणि एप्रिल-मेमध्ये आंबा-काजूचा हंगाम, यात मुलांचे हात घराला लागतातच. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चची, म्हणजे नेमकी शिमग्याच्या सुमारास. सारा गाव ढोलांच्या आवाजात जागा असतो आणि दहावीचा मुलगा कानात बोटे घालून भूमितीची प्रमेये पाठ करीत असतो.

दुसरे कारण मुलींचे. मुलगी शाळेतून आली की पाणी, भांडी, धाकट्या भावंडांचे पाहणे. भाऊ "अभ्यासाला" बसतो, बहीण "कामाला" उठते. नेमके याच वयात तिची पाळी सुरू झालेली असते, आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलायला घरात कोणी नसते. शाळेतील स्वच्छतागृहात पाणी नसले की ती चार दिवस घरी बसते. त्या चार दिवसांत गणिताचा धडा पुढे गेलेला असतो. मग लोक म्हणतात, मुलींना गणित जमत नाही!

तिसरे कारण झोपेचे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना दिवसाला आठ ते दहा तास झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. या वयात शरीराचे घड्याळही पुढे सरकते, मुलांना रात्री उशिरा झोप येते. त्यात भर मोबाईलची. रात्री बारापर्यंत मोबाईल, पहाटे पाचला क्लास, मग वर्गात डुलकी, मग बोलणी. न झोपलेल्या मेंदूत पाठ केलेले टिकत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

चौथे कारण घरातील वातावरणाचे. कोकणातील कितीतरी घरांतील कर्ता पुरुष मुंबईला नोकरीला असतो. सारा संसार आईच्या डोक्यावर. काही घरांत दारू आहे, रोजचे भांडण आहे. असा मुलगा वर्गात फळ्याकडे पाहत असतो, पण त्याचे मन घरी असते. पैशाची अडचण मुलांपासून लपत नाही. सहलीचे पैसे मागायचे नाहीत, हे त्यांनी स्वतःच ठरविलेले असते.

पाचवे कारण आपल्या समाजाच्या मुलांचे खास आहे, आणि ते स्पष्ट बोललेच पाहिजे. शिष्यवृत्तीसाठी कोणाची नावे आहेत हे भर वर्गात मोठ्याने वाचले जाते, तेव्हा ती मुले खाली पाहतात. "तुमचे काय, तुम्हाला सवलत आहे," असे मित्रच हसत हसत म्हणतो. चांगले गुण मिळाले तर सवलतीने मिळाले, कमी मिळाले तर "हे असेच" असे ऐकावे लागते. पंधरा वर्षांच्या मुलाला यावर काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. तो गप्प बसतो. हे गप्प बसणे म्हणजेच ताण.

सहावे कारण कागदपत्रांचे आणि पुढच्या वाटेचे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाईन पद्धतीने झाले. पसंतीक्रम कसा भरावा, विज्ञान घ्यावे की वाणिज्य, आय.टी.आय.ला जावे की पदविकेला, हे सांगायला घरात कोणी नसते. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा, म्हणून आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला ऐनवेळी गावोगाव फिरावे लागते. हे मोठ्यांचे काम आहे. ते वेळेवर झाले नाही की त्याची काळजी मुलगा वाहतो.

सर्वांत जड ओझे

ही सर्व कारणे खरी आहेत. पण सर्वांत जड ओझे अपेक्षेचे आहे, आणि ते प्रेमापोटी ठेवलेले असते म्हणून खाली ठेवताही येत नाही. "आम्हाला जमले नाही ते तू कर. तुझ्यासाठी आम्ही काय काय सोसले!" आई-बाप हे मनापासून म्हणतात. शिक्षणावाचून आपल्याला दुसरी वाट नव्हती, त्यामुळे या म्हणण्यामागे इतिहास आहे. पण तीन पिढ्यांचे कर्ज एका मुलाने एका मार्च महिन्यात फेडावे, ही अपेक्षा रास्त आहे काय?

या ठिकाणी आम्ही बाबासाहेबांच्या मॅट्रिकची आठवण देतो. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव, म्हणजे ते आपल्याच जिल्ह्याचे. साताऱ्याच्या शाळेत ते तरटावर वेगळे बसत. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गुरुजींनी फळ्यावर गणित सोडविण्यास बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुलांनी गलका केला. संस्कृत शिकण्याची इच्छा असून त्यांना फारसी घ्यावी लागली. परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब. सुभेदार रामजी स्वतः जागे राहून पहाटे दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवीत, आणि पुस्तकांसाठी लेकींकडून उसने आणीत.

अशा परिस्थितीत १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्यांना गुण किती मिळाले? ७५० पैकी २८२. म्हणजे साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. त्या काळची परीक्षा आणि आजची परीक्षा एकास एक लावून पाहता येणार नाही, हे खरे. पण त्या वेळच्या समाजाने काय केले ते पाहा. त्यांनी टक्के विचारले नाहीत. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरवून या मुलाचा सत्कार केला. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे केळुसकर गुरुजींच्याच प्रयत्नाने सयाजीराव महाराजांची मदत मिळाली आणि कॉलेजचे शिक्षण झाले.

आता विचार करा. आज ठिकठिकाणी गुणगौरव समारंभ होतात. पत्रिकेत छापलेले असते, "ऐंशी टक्क्यांवरील विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेची प्रत आणावी." या नियमाने तो साडेसदतीस टक्क्यांचा मुलगा व्यासपीठावर आला असता काय?

आमच्या पाहण्यात अशी एक मुलगी आहे. घरचे सर्व काम करून, दररोज दोन तास जाण्यायेण्यात घालवून तिने एकाहत्तर टक्के मिळविले. तिच्या वाडीत सत्कार समारंभ होता त्या दिवशी ती काजीच्या बागेत जाऊन बसली. तिला कोणी काही बोलले नव्हते. तिला कोणी बोलावलेच नव्हते.

म्हणून या सभेपुढे आमची एक सूचना आहे. यापुढे आपल्या गुणगौरव समारंभात पहिल्या तिघांना बक्षीस जरूर द्यावे, परंतु दहावीला बसलेल्या वस्तीतील प्रत्येक मुलामुलीला व्यासपीठावर बोलवावे आणि एक पुस्तक द्यावे. जो नापास झाला त्यालाही बोलवावे, कारण पुस्तकाची गरज त्याला अधिक आहे. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी जून-जुलैत होते, आणि एक-दोन विषय राहिले तरी सवलतीने अकरावीला प्रवेश मिळतो, ही माहिती त्याच व्यासपीठावरून मोठ्याने सांगावी. दुसरे, नववीतच मुलांची कागदपत्रे तयार होतील यासाठी मंडळाने एक शिबिर घ्यावे. तिसरे, परीक्षेच्या दोन महिन्यांत संध्याकाळी बुद्धविहार अभ्यासासाठी उघडे ठेवावे. ज्यांच्या घरी भांडण आहे, जागा नाही, त्यांना दोन तास शांततेचे मिळतील.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

पालकांनो, निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न टक्क्यांचा विचारू नका. "जेवलास का?" असे विचारा. शेजारच्या मुलाचे नाव घेऊ नका. घरातील काम मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटून द्या. मूल अचानक अबोल झाले, जेवेनासे झाले, झोप उडाली, "मी नसतो तर बरे झाले असते" असे बोलू लागले, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, ऐका आणि डॉक्टरांचा सल्ला घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, थोडा ताण वाईट नसतो. तो नसेल तर पुस्तक उघडलेच जाणार नाही. सोण नावाच्या भिक्खूने तळपायांतून रक्त येईपर्यंत चालत ध्यानाचे कष्ट केले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर नीट निघत नाही, फार सैल सोडली तरी निघत नाही. तुमच्या अभ्यासालाही हेच लागू आहे. रोज ठरलेल्या वेळी अभ्यास करा, जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा, पुरेशी झोप घ्या, मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. समजले नाही तर गुरुजींना किंवा बाईंना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. कोणी जातीवरून टोमणा मारला तर तो मनात साठवू नका, विश्वासाच्या शिक्षकांना आणि घरी सांगा.

आणि कधी फारच अंधारल्यासारखे वाटले तर एकटे राहू नका. शासनाच्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. हे दोन क्रमांक आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, स्वतःसाठी नाही तर मित्रासाठी.

आपल्याच जिल्ह्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे वयाच्या सतराव्या वर्षी परीक्षेसाठी भर पावसात कुंभार्ली घाट चढून चालत साताऱ्याला गेले. तिथे गेल्यावर, हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. एवढी पायपीट फुकट गेली. पण परीक्षा चुकली, आयुष्य चुकले नाही. पुढे याच कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ मध्ये ते भारतरत्न झाले.

गुणपत्रिका हा एका महिन्याचा हिशेब आहे, माणसाचा नव्हे. हे मुलांनी समजून घ्यावे, आणि त्यांच्याआधी आपण मोठ्यांनी समजून घ्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो. 

जयभीम!