कान्हेरीला जाताना

मंडळी, रविवारी आपण बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांना जाणार आहोत. तिथे काळ्या खडकात १०० च्या वर लेणी कोरली आहेत. बौद्ध भिक्षू तिथे राहत, शिकत. पावसाचे पाणी साठवायला त्यांनी खडकातच टाकी खोदली. ती जरूर बघा.

भिंतींवर ब्राह्मी अक्षरे आहेत. आपल्या बाराखडीची ती पणजीच म्हणा ना! त्यांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहेत. नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली, तेही कोरले आहे. १५०० च्या वर वर्षे झाली, लोहाराचे नाव अजून आहे.

मागच्या खेपेला आपल्यातल्याच एकाने खिशातून खिळा काढला. नवी नवी सही शिकलेला. त्याला वाटले, आपलेही नाव राहू दे. मी हात धरला, पण रागावलो नाही. खिळा मात्र जुन्या अक्षरांवरच चालणार होता!

नाव लिहायची हौस कुणाला नसते? जपानात शिंतो देवळात गेलेले लोक आपली इच्छा लहानशा लाकडी पाटीवर लिहितात नि तिथेच टांगतात. आमच्याजवळ पाटी कुठली? मी वही पुढे केली. झाडाखाली बसून त्याने सावकाश सही केली.

यंदाही वही घेतली आहे. पेन्सिली तुम्ही आणा.