पाहुणे वाढले म्हणून वरणात पाणी नको

(प्रभागसंघाच्या उंद्री येथील सभेत एका निवृत्त अंगणवाडी सेविकेने केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी काही भाषण करणारी बाई नाही. आयुष्य अंगणवाडीत गेलं, आता निवृत्त आहे आणि तुमच्यासारखीच गटात बसून बचत करते. आज आपल्यापुढं विषय आहे की, एका ग्रामसंघात आया आणि लेकरांचा आठवड्याचा खेळतास चालतो, तो प्रभागातल्या सगळ्या गावांत सुरू करायचा का? माझं उत्तर 'हो' आहे. पण लगेच हात वर करू नका, आधी थोडं ऐका.

घरी दहा जणांचा स्वयंपाक केला आणि वीस जण आले, तर आपण काय करतो? वरणात तांब्याभर पाणी ओततो. ताटं वीस भरतात, पण वरणाला चव राहत नाही. लेकरांच्या कामाचंही असंच होतं.

अंगणवाडी कुठून आली, ते बघा. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. गरीब वस्तीतली लेकरं बालवाडीत येईनात. मग या बायांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. महागडी खेळणी परवडत नव्हती, तर शिंपले, खडे, बिया, पानं घेतली. म्हणजे काम वाढवताना त्यांनी जागा बदलली, सामान बदललं. पण लेकराशी बोलणं, त्याला स्वतःच्या हातानं करू देणं, हे सोडलं नाही.

पुढं 2 ऑक्टोबर 1975 ला सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशात 33 ठिकाणी सुरू झाली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 14 लाख अंगणवाड्या झाल्या पाहिजेत, आणि सहा वर्षांखालची 40 लेकरं असलेल्या वस्तीनं मागितली तर तीन महिन्यांत अंगणवाडी दिली पाहिजे. हे वाढवणं योग्यच होतं. आडवळणाच्या वस्तीतल्या लेकराचा तो हक्कच आहे.

पण सेविका एक आणि मदतनीस एक. वजन, उंची, आहार, लसीकरणाचा दिवस, गरोदर मातांच्या भेटी, सर्वेक्षण, आणि आता मोबाइलमधल्या नोंदी. दिवस संपतो, पण लेकरांसोबत बसायचं राहून जातं.

माझीच गोष्ट सांगते. माझी रजिस्टरं चोख असायची. तपासणीला आलेल्या मॅडम चांगला शेरा देऊन जायच्या. एक दिवस एक आई आली आणि म्हणाली, "बाई, वजन त सांगतलं तुमी. पण माह्यं पोरगं घरी बोलतच नाही. इथं बोलते काय?" तायांनो, मला उत्तर देता आलं नाही. त्या पोराचं वजन, उंची, लस सगळं मला तोंडपाठ होतं. तो चार महिने रोज माझ्यापुढं बसत होता, आणि तो बोलतो की नाही हे मला माहीत नव्हतं. पुढं तो बोलला, पण उशिरा. ते चार महिने मी त्याला परत देऊ शकत नाही.

मग उपाय काय? दोन ठिकाणची माहिती सांगते. तामिळनाडूत काही अंगणवाड्यांमध्ये फक्त शिकवण्या-खेळवण्यासाठी अर्ध्या वेळेची एक जादा बाई दिली. लेकरांच्या शिकण्याचा वेळ दुप्पट झाला. ती अक्षर-आकड्यांत पुढं गेलीच, पण कुपोषणही घटलं, कारण जुन्या सेविकेला आहार-आरोग्याकडं बघायला सवड मिळाली. म्हणजे अडचण इमारतीची कमी आणि हातांची जास्त होती.

दुसरं ओडिशाचं. तिथं 192 गावांत अभ्यास झाला. काही गावांत शिकवलेली बाई दर आठवड्याला घरोघरी जाऊन आईला लेकराशी कसं खेळावं, कसं बोलावं ते दाखवायची. काही गावांत हेच काम आयांना एकत्र बसवून केलं. खेळणी घरगुतीच. दोन वर्षांनी बघितलं तर दोन्हीकडं लेकरांची समज आणि बोलणं वाढलेलं होतं, जवळजवळ सारखंच. पण एकत्र बसण्याचा खर्च घरोघरी जाण्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी आला. आता सांगा, दर आठवड्याला एकत्र बसायची सवय आपल्याइतकी कोणाला आहे?

आणि काम कसं वाढवायचं हेही आपल्याला माहीत आहे. आपले गट गावोगाव झाले ते पंचसूत्रीवर. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे, हे पाचही नियमित. ते कुठंही बदलत नाही. पण बैठक सोमवारी घ्यायची की शुक्रवारी, बचत किती, हे गट ठरवतो. खेळतासाचंही तसंच करू.

न बदलणाऱ्या गोष्टी चार ठेवू. आठवड्यातून एक तास नेमानं. लेकरासोबत आई, आजी किंवा बाप स्वतः बसेल, नुसतं सोडून जाणार नाही. घरातल्याच वस्तूंनी खेळ. आणि एका वेळी दहा-बारा लेकरांपेक्षा जास्त नाही, म्हणजे प्रत्येकाशी बोलणं होईल. बाकी गावानं ठरवावं. मंदिराचा ओटा असो की शाळेची खोली. तांड्यावर गोरमाटीत बोला, गाणी तुमची म्हणा. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना तास सांजच्याला घ्या. त्या दिवसांत थोरली पोरगी शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते, ते आपल्या सगळ्यांच्या घरचं आहे. तेव्हा शनिवार-रविवार बघा, तिलाही सोबत बसवा.

आता सांभाळायच्या तीन गोष्टी.

पहिली, सगळी गावं एकदम नको. आधी तीनच घेऊ. जुन्या गावातल्या बाईनं नव्या गावात जाऊन शेजारी बसून दाखवायचं. एका दिवसाचं प्रशिक्षण आणि हातात पुस्तिका, एवढ्यानं भाकरी थापता येत नाही, हेही येणार नाही.

दुसरी, तास घेणाऱ्या बाईला ग्रामसंघातून मानधन द्या. बाई फुकट राबते म्हणून काम स्वस्त, असा हिशोब आपणच केला तर दुसऱ्याला काय बोलणार? पैसे कमी असतील तर गावं कमी घ्या. आणि हे सेविकेच्या बदल्यात नाही, तिच्या जोडीला आहे. आहार, वजन, तपासणी हा हक्क अंगणवाडीतूनच मिळाला पाहिजे. सेविकेची जागा रिकामी असेल तर ग्रामसभेत विचारा.

तिसरी, किती लेकरं आली, एवढंच लिहू नका. दर महिन्याला एक प्रश्न विचारा : या महिन्यात कोणतं लेकरू आपल्याशी बोललं नाही? त्याचं नाव घ्या आणि पुढच्या तासाला त्याच्याजवळ बसा. हा प्रश्न मी वेळेवर विचारला नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

तर ठराव मांडते. दिवाळीनंतर तीन गावं, सहा महिने, मग पुन्हा इथंच बसून हिशोब बघायचा. लेकरांनी काय केलं, कोण मागं राहिलं, पैसा किती लागला. चांगलं झालं तर पुढची गावं. नाही झालं तर ते लपवायचं नाही, सुधारायचं.

ज्यांना पटलं त्यांनी आता हात वर करा. ज्यांना शंका आहे त्यांनी उठून विचारा, मी इथंच बसले आहे.