औषधापुरती



"घेतो डॉक्टर, पण औषधापुरती." डोंबिवलीतल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी फार वेळा ऐकतो. बोलणारे बहुधा सत्तरीच्या आसपासचे असतात, आणि ते मनापासून बोलत असतात. आज या 'औषधापुरती'बद्दलच बोलायचं आहे.

मागच्या पावसाळ्यात कल्याणहून एक आजोबा आले. जिना चढताना दम लागायचा, छातीत फडफडायचं. नाडी धरली तर ठोके विस्कटलेले. दोन जवळजवळ, मग खंड, मग एकदम तीन. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त तिथे साकळतं, त्याची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. दारूचं विचारलं. उत्तर ठरलेलंच आलं.

मी टेबलावरचा स्टीलचा पेला पुढे केला आणि म्हटलं, "रोज जेवढी ओतता, तेवढं पाणी ओता." त्यांनी सवयीच्या हातानं ओतलं. खोकल्याच्या औषधाच्या मापानं मी ते मोजलं. ११० मिली! तीस मिलीचा एक पेग धरला तर साडेतीन पेगांहून जास्त. आजोबा गप्प झाले. ते खोटं बोलत नव्हते. मोजून ओतायची सवय सुटली की माप वाढत जातं, आणि ते ओतणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

मग त्यांनी पाकिटातून परवाना काढला. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्या राज्यात मद्य पिण्याचा परवाना मिळतो, तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून. ती कायद्याची भाषा आहे, डॉक्टरचा सल्ला नव्हे. पण सरकारी कागदावर आरोग्य हा शब्द छापलेला दिसला की माणसाला धीर येतो, हे मी समजू शकतो.

थोडी घेतली तर हृदयाला चांगली, ही समजूत आमच्याच वैद्यकातून बाहेर पडली. फ्रेंच माणसं लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, ते रेड वाइनमुळे, असं १९९१मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमानं घरोघरी पोचवलं. अनेक पाहण्यांतही थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा ठणठणीत दिसत. पुढे अभ्यासकांनी नीट पाहिलं, तेव्हा 'न पिणाऱ्यां'त कितीतरी जण आजारी पडल्यामुळे दारू सोडलेले निघाले. अशा माणसांशी तुलना केली तर पिणारा धडधाकट दिसणारच. जानेवारी २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्टच सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही.

म्हातारपणी तर हे गणित आणखी बिघडतं. वयाबरोबर अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून चाळिशीत सोसलेला पेग सत्तरीत रक्तात जास्त चढतो. रोजच्या दारूनं रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके बिघडतात. पण सोडल्याचा उपयोगही होतो, याही वयात. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या, नियमित पिणाऱ्या १४० जणांचे दोन गट केले. एका गटाला दारू सोडायला सांगितली, दुसऱ्याला नाही. सहा महिन्यांत नेहमीसारखी पिणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांना त्रास पुन्हा झाला, सोडायला सांगितलेल्यांपैकी ५३ टक्के लोकांना. हा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि गोळ्या? ठाण्या-कल्याणातल्या कुठल्याही ज्येष्ठाची औषधांची पिशवी उघडा, रक्तदाबाची, साखरेची, रक्त पातळ करणारी गोळी बहुधा सापडेल. जिभेखाली ठेवायच्या गोळीवर दारू असली तर रक्तदाब एकदम उतरून माणूस न्हाणीघरात कोसळू शकतो. साखरेच्या काही गोळ्यांबरोबर रात्री साखर धोकादायक उतरते, आणि घरच्यांना वाटतं, जास्त झाली असेल, झोपू दे. मला सगळ्यात भीती वाटते ती या 'झोपू दे'ची. अशा वेळी हलवून उठवा, साखर तपासा.

एक मात्र कळकळीनं सांगतो. वर्षानुवर्षं रोज बरीच पिणाऱ्यांनी हे ऐकून उद्या स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नये. हात थरथरणं, भ्रम, अगदी फिटही येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. पुण्यात १९८६पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. तिथे जाण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सुनेसमोर, नातवासमोर आजोबांना दारूचं विचारू नका. ते आकडा कमीच सांगणार. डॉक्टरांकडे एकट्यानं बोलू द्या. आणि आजोबा, पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा गोळ्यांच्या पिशवीत घरचा तो पेलाही टाका. डॉक्टरांपुढे रोजच्यासारखं पाणी ओता आणि त्यांना मोजू द्या.