साधी जखम आणि मनातील धास्ती

(इंदूर येथील मराठी भाषिक नागरिकांसमोर झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



जखम ही माणसाच्या नित्याच्या जीवनातील बाब आहे. शेतात विळा लागतो, अनवाणी पायात बाभळीचा काटा मोडतो, विळीवर भाजी चिरताना बोट कापते, शाळेच्या बाकाचा खिळा मुलाच्या पायाला ओरखडा काढतो. अशा जखमा चार दिवसांत भरून येतात आणि विसरल्या जातात. परंतु एचआयव्ही या विषाणूचे नाव सर्वतोमुखी झाल्यापासून काही मनांत एक वेगळीच जखम घर करून राहिली आहे. कातडीवरचा ओरखडा भरतो. ‘यातून एड्स तर होणार नाही ना?’ ही शंका मात्र भरत नाही.

इंदूरच्या राजवाडा परिसरातील एखाद्या केशकर्तनालयात बसलेला एक शिक्षक डोळ्यांपुढे आणावा. दाढी करताना कानाखाली पाते किंचित लागते, रक्ताचा एक थेंब येतो. कारागीर तुरटी फिरवितो आणि गोष्ट तेथेच संपते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर शिक्षकाच्या मनात येते, ते पाते नवे होते काय? आधीचे गिऱ्हाईक कोण होते? दुसऱ्या दिवशी घसा दुखल्यासारखा वाटतो. आठवड्याने भूक मंदावते, वजन घटते. रक्ततपासणी निर्दोष येते. चार दिवस बरे जातात आणि मग प्रयोगशाळेचीच चूक झाली असेल असे वाटू लागते. दुसरी तपासणी होते, तिसरी होते. मुलाला जवळ घेताना हात आखडतो. विषाणूने ज्या घराला स्पर्शही केलेला नाही, ते घर भीतीने आजारी पडते.

विषाणूचा मार्ग

एचआयव्ही हा विषाणू माणसाच्या शरीराबाहेर अत्यंत दुबळा असतो. सांडलेले रक्त वाळू लागताच त्याची संसर्गशक्ती झपाट्याने घटते. हवा, पाणी, अन्न, हस्तांदोलन किंवा डासाचा चावा यांतून तो पसरत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, संसर्गित रक्त, अनेकांना टोचलेली एकच सुई आणि संसर्गित मातेकडून बालकाकडे, हे त्याचे प्रमुख मार्ग होत. खिळा, काटा, दाराची कडी किंवा बसच्या पत्र्याची धार यांनी झालेल्या जखमेत परक्याचे ताजे रक्त शिरत नाही. मग विषाणू येणार कोठून?

एक आकडा येथे बोलका आहे. संसर्गित रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई परिचारिकेच्या बोटात रुतली आणि कोणतेही प्रतिबंधक औषध घेतले नाही, तरी संसर्ग होण्याचे प्रमाण १,००० प्रसंगांत सुमारे ३ एवढेच आढळले आहे. जेथे रक्त खरोखर होते, तेथील हे प्रमाण आहे. तरीही अशा प्रसंगी हयगय करू नये. जखम साबण-पाण्याने धुवावी, ती पिळू नये आणि तातडीने सरकारी रुग्णालय गाठावे. प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची असतात.

मद्रासची साक्ष

भारतात या विषाणूचा शोध प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे लागला. तो लावणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. इंदूरच्या मराठी कुटुंबांप्रमाणेच परप्रांतात रुजलेल्या एका मराठी घराण्याची ही कन्या. त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले. साठवणुकीची खास सोय नव्हती, म्हणून ते घरच्या शीतकपाटात ठेवले आणि पुढे वेल्लोर येथे तपासून घेतले. डॉ. सुनीती यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या, म्हणजे वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने एड्सविषयक केंद्र उभारले आणि २०१५ मध्ये निधन होईपर्यंत या रुग्णांच्या सेवेस वाहून घेतले. रुग्णांना स्पर्श करण्यासही इतर कचरत होते, त्या काळात त्या रुग्णांजवळ बसत, त्यांना धीर देत. त्यांच्यापाशी ज्ञान होते, म्हणून त्यांनी योग्य ठिकाणी काळजी घेतली आणि नको तेथे भीती बाळगली नाही.

काळजी कशाची घ्यावी

साध्या जखमेतून संभवणारा खरा धोका वेगळाच आहे. माती, शेण व धूळ यांत धनुर्वाताचे जंतू असतात. म्हणून जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताची लस घ्यावयाची आहे काय, हे आरोग्य केंद्रात विचारावे. कुत्रे चावल्यास जखम पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब लस घ्यावी. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरतो. तिच्यावर लस उपलब्ध आहे. केशकर्तनालयात नवे पाते मागावे, ते मुख्यतः या काविळीसाठी. गावात कोणी एकच सुई अनेकांना टोचत असेल, तर मात्र तेथे एचआयव्हीचा धोकाही खराच आहे. अशी सुई ठामपणे नाकारावी.

शंकेला एक उत्तर

शंका असेल तर तिचे उत्तर तपासणी हे आहे. परंतु ती योग्य वेळी व्हावी. प्रयोगशाळेतील नव्या पद्धतीच्या चाचणीचे उत्तर घटनेनंतर ४५ दिवसांनी आणि साध्या तत्काळ चाचणीचे तीन महिन्यांनी निर्णायक मानले जाते. शासकीय समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही सोय विनामूल्य असून माहिती गुप्त ठेवली जाते. १०९७ या क्रमांकावरही मोफत मार्गदर्शन मिळते.

योग्य वेळी केलेल्या चाचणीने ‘नाही’ म्हटल्यावरही मन मानत नसेल, तर औषध रक्तास नव्हे, मनास हवे आहे. मंत्रचळ हा शब्द मराठीत फार जुना आहे. पुन्हा पुन्हा हात धुणे, पुन्हा पुन्हा तपासणी करणे, दहा जणांना तोच प्रश्न विचारणे, हे खाज खाजविण्यासारखे आहे. क्षणभर बरे वाटते आणि खाज वाढते. घाम, धडधड, जुलाब, झोप उडणे ही चिंतेचीही लक्षणे असू शकतात, पण चिंताग्रस्त मनुष्य त्यांतच एड्स पाहतो. अशा व्यक्तीची थट्टा करू नये. तिला ‘काही होत नाही’ असे शंभरदा सांगतही बसू नये. मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. विचार व वर्तन यांवरील उपचारांनी आणि गरज पडल्यास औषधांनी हा त्रास आटोक्यात येतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक याचसाठी आहे.

शेजारधर्म

ही भीती एका माणसापुरती राहत नाही. जो ओरखड्याला भितो, तोच उद्या संसर्गित शेजाऱ्याच्या घरचे पाणी नाकारतो, त्याच्या मुलाला वर्गात वेगळे बसविण्याचा आग्रह धरतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला, शाळा, नोकरी, उपचार व निवास यांबाबत असा भेदभाव करण्यास मनाई केली आहे. नियमित औषध घेणारी व्यक्ती दीर्घ व कार्यक्षम आयुष्य जगू शकते. रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न दिसण्याइतके खाली राहिले, तर शरीरसंबंधातूनही तिच्यापासून संसर्ग होत नाही. मग एका बाकावर बसल्याने तो कसा होईल?

शिक्षकांनी हे वर्गात सांगावे, ग्रामसेवकांनी ग्रामसभेत सांगावे, घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना सांगावे. जखम धुवावी, लस घ्यावी, नवे पाते व नवी सुई मागावी, शंका असल्यास योग्य वेळी एकदा तपासणी करावी, आणि मग निश्चिंतपणे मुलाला जवळ घ्यावे.