पंप घेऊन दाखवा

दम्याचा पंप असलेल्या माणसाला आम्ही गटातल्या बाया "घेता येतो का?" असं आता विचारतच नाही. सगळे "हो" म्हणतात, पुरुषमाणसं तर जरा ठासूनच. आम्ही म्हणतो, "काका, एकदा घेऊन दाखवा."

दाखवताना तोंडातून, नाकातून पांढरा धूर बाहेर आला की समजायचं, औषध वाया गेलं. छातीत पोचलंच नाही, आणि घरचे म्हणतात पंपाने गुण येत नाही.

नीट घ्यायचा तो असा. ताठ बसा. टोपण काढून पंप चांगला हलवा. आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा. हेच बहुतेकांचं राहून जातं. पंपाचं तोंड दातांत धरून ओठ घट्ट मिटा. तोंडाने सावकाश श्वास ओढायला सुरुवात करा आणि तेव्हाच पंप दाबा. छाती भरली की पंप काढून, तोंड मिटून मनात १० आकडे मोजा. डॉक्टरांनी दोन फवारे सांगितले असतील तर मिनिटभराने पुन्हा हलवून दुसरा. दाबणं आणि ओढणं एका वेळी जमत नसेल, म्हाताऱ्या बोटांना नाहीच जमत, तर डॉक्टरांकडून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, मागून घ्या.

कॅप्सूल टाकायच्या यंत्राचं मात्र उलटं. तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा. यंत्रात फुंकायचं नाही आणि कॅप्सूल गिळायची तर मुळीच नाही. म्हणून घरात मामंजींचं यंत्र आणि सुनेचा पंप असला, तर एकाचं बघून दुसऱ्याने शिकू नये.

रोजच्या स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात बुरशी धरते. बरं वाटलं म्हणून तो आपल्या मनाने बंद करायचा नाही.

बायका लवकर शिकतात, पण चारचौघांत घेत नाहीत. "पोरीला दमा आहे म्हटलं तर स्थळ येईल का?" मग पंप पेटीत, साड्यांच्या खाली. लग्नघरी चुलीच्या धुराने धाप लागली की न्हाणीत जाऊन घाईघाईने दाबायचा. ना श्वास सोडलेला, ना १० आकडे मोजलेले. असा फवारा फुकटच जातो, बायांनो.

तातडीचा पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन लावा. कुणाला विचारत बसू नका.

पुढच्या बैठकीला घरातला पंप घेऊन या. मालकांचा असेल तर मालकांनाही घेऊन या.