दोन वेगांची रॅम

संगणकातल्या रॅमला मराठीत ‘स्मृती’ म्हणतात. शब्द कवीला आवडावा असा आहे, पण जरा फसवा. वीज गेली की ही स्मृती कोरी होते. खरं तर ती काम मांडायची बैठक. बैठक लहान असली की पसारा मावत नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात एकच संगणक आहे, २००८च्या सुमाराचा. गल्लीतल्या मुली त्यावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी पान अर्ध्यावर अडकलं की मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलींकडे बघवत नाही. नवीन यंत्र घ्यायला वाचनालयाकडे पैसे नाहीत.

या संगणकात रॅमची एक जीबीची पट्टी होती, डीडीआर-२ जातीची, ६६७ वेगाची. सेकंडहँड बाजारात मिळाली ती दोन जीबीची, पण ८०० वेगाची. दुरुस्ती करणारा पोरगा म्हणाला, “चाचा, दोन स्पीड एकत्र चालत नाहीत. हे भंगारात द्या.” हा समज पुष्कळांचा आहे आणि बहुतेक वेळा तो खरा नसतो.

प्रत्येक पट्टीवर एक इवलीशी चिप असते. तिच्यात त्या पट्टीची कुंडली लिहिलेली असते : क्षमता किती, वेग किती, मागितलेली माहिती हाती द्यायला घड्याळाचे किती ठोके लागतात. यंत्र सुरू होताच बायॉस या कुंडल्या वाचतो आणि सगळ्यांना झेपेल असा एकच वेग ठरवतो. कव्वालीत टाळी धरणारे असतात ना, तसंच. म्हणजे ८००ची पट्टी ६६७नं चालते. त्यानं तिचं काही बिघडत नाही. ६६७च्या पट्टीला ८००नं पळवायचा हट्ट मात्र धरू नये.

यात तोटा किती? कागदावर ८००ची पट्टी सेकंदाला ६.४ जीबी माहिती हलवते, ६६७ची ५.३ जीबी. अर्ज भरताना हा फरक कळतही नाही. कळतं ते रॅम अपुरी पडणं. बैठक भरली की संगणक उरलेला पसारा हार्डडिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. जुनी फिरती डिस्क सेकंदाला शंभरेक एमबीवरच थकते. इकडेतिकडे विखुरलेलं गोळा करायचं झालं तर त्याहूनही खूप खाली येते. पान अडकतं ते इथं. तीन जीबी झाल्यावर अर्ज आणि दाखल्याचं स्कॅन, दोन्ही एकाच वेळी उघडे राहू लागले.

जात मात्र एकच हवी. डीडीआर-२ आणि डीडीआर-३च्या पट्ट्या लांबीला सारख्या, दोन्हींना २४० पिना, त्यामुळे नजर फसते. पण खाच वेगळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. मदरबोर्ड किती रॅम पेलतो, तेही आधी पाहून घ्या. बटण बंद करून, वायर काढून, धातूच्या भागाला हात लावून मगच पट्टीला हात घालावा.

शिवाय विंडोज ७ला जानेवारी २०२०नंतर सर्वसामान्यांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. त्यावर रॅम हा इलाज नव्हे. म्हणून आम्ही तिथं लिनक्स घातलं.

शेवटची गोष्ट चाचणीची. मेमटेस्ट नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो रात्रभर चालू ठेवावा. सकाळी एक जरी चूक दिसली, तरी एकेक पट्टी वेगळी तपासून सदोष असेल ती काढून टाका, कितीही स्वस्त मिळालेली असो. चुकार पट्टी नेहमीच यंत्र बंद पाडत नाही. कधी ती काही न बोलता भरलेल्या अर्जाची फाइलच बिघडवते.